घाईच्या बाई आणि मेणमातीची कोळीण

आमच्या बाईंइतकं उतावीळ माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. चहा निवायची वाट पाहणं त्यांना जमत नसे. जीभ भाजून घेऊन त्या मोकळ्या होत. समोरचा बोलत असला की त्याचं वाक्य स्वतःच पुरं करत, आणि बहुतेक वेळा चुकीचं. पालघरच्या एका शाळेत त्या चित्रकला शिकवत. तिथली पोरं त्यांना 'घाईच्या बाई' म्हणत. सरावलीला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत, आणि जिन्यावरून उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा येई. अशा बाईने मेणमातीच्या बाहुल्यांचा पूर्ण लांबीचा सिनेमा काढायला घ्यावा, ही देवाची थट्टाच म्हणायची.

कारण या कामात घाईला जागाच नाही. बाहुली उभी करायची, कॅमेऱ्याने एकच चित्र घ्यायचं, मग तिचा हात केसभर हलवायचा आणि पुन्हा एक चित्र. अशी चोवीस चित्रं झाली की पडद्यावर एक सेकंद सरतो. मी बोईसरच्या एका कापड कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. "दिवे तेवढे लावून द्या हो," एवढंच म्हणून त्यांनी मला वर बोलावलं, आणि ऐंशीच्या दशकातले माझे बहुतेक रविवार गिळून टाकले. मी कुरकुर पुष्कळ केली, पण गेलो नाही असा रविवार आठवत नाही.

गोष्ट साधी होती. नवऱ्याची होडी परतली नाही म्हणून एक कोळीण स्वतः वल्हं उचलते आणि समुद्रात शिरते. बाई पालघरजवळच्या माहीमच्या, बागायती वाड्या करणाऱ्यांच्या घरातल्या. कोळणी पाहतच मोठ्या झालेल्या. "शहाण्यासुरत्यांनी नावं ठेवली तरी चालतील," त्या म्हणायच्या, "पण कोळीवाड्यातल्या बायांना ही मातीची वाटली, तर माझी सगळी वर्षं फुकट."

पहिलं रीळ मुंबईहून धुऊन आलं. भिंतीवर पाहतो तर कोळीण बेडकासारखी टुणटुण उड्या मारतेय! बाईंनी दर वेळी तिला केसभराऐवजी बोटभर सरकवलं होतं. मी पोट धरून हसलो. बाई मात्र तिच्याकडे बघत राहिल्या.

"घाई माजी हाय. तिच्या अंगात कशाला घातली मी?" रागावल्या की त्यांच्या तोंडी गावची बोली येई.

दुसऱ्याच दिवशी त्या एडवणच्या काशीबायला घेऊन आल्या. काशीबाय आमच्या दारावर मासे विकायला यायची. तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. बाईंनी तिच्या डोक्यावर टोपली दिली आणि खोलीभर चालवलं. स्वतः फरशीवर पालथ्या पडून तिची पावलं न्याहाळत राहिल्या.

"सुकत घातलेली मासली टाकून मी हिथं चालत बसू काय गो मास्तरणी?" काशीबाय वैतागली. "आनि माती ती माती. ती काय चालंल?"

"चालवते का नाय बघ," बाई खालूनच म्हणाल्या. टोपली आणि मान जागच्या जागी, हालचाल सगळी कमरेखाली, हे त्यांनी हेरलं होतं. त्यानंतर कोळणीच्या उड्या थांबल्या.

शेवटचा प्रसंग उरला तो नेमका मे महिन्यात. होडी किनाऱ्याला लागते आणि सगळा गाव धावत येतो. कॅमेरा होता बाईंच्या मावसभावाचा, आणि तो पावसाआधी परत करायचा होता. दिवे लावले की गावकऱ्यांची नाकं ओघळत, हात लोंबत. मी म्हटलं, "बाई, गाव गाळा. नुसती होडी दाखवा."

"गाव नाय, तर मग ती परत येते कोनासाठी?"

हे काशीबायच्या कानावर गेलं असावं. सकाळी टेम्पोतून मासळीचा बर्फ आला, भुशात गुंडाळलेला, मागे काशीबाय. टेबलाभोवती बर्फाची घमेली मांडली. खोलीला बोंबलांचा वास सुटला आणि जिन्यावर मांजरांची सभा भरली. तरी माती थोडाच वेळ टणक राहायची. मग मी दिवा लावायचा, बाईंनी चित्र घ्यायचं, मी दिवा घालवायचा, आणि पुढच्या चित्राआधी सगळा गाव केसभर पुढे गेलेला असायचा. बाईंची बोटं इतकी भराभर चालत, तरी एकाही गावकऱ्याला धक्का लागत नसे. जन्मभराची घाई शेवटी कामाला आली!

"जरा श्वास घ्या," मी म्हटलं.

"तुमी बटन दाबा!"

बाई आता नाहीत. त्यांनी सिनेमा काढला तो एवढाच, आणि त्याचा पहिला खेळ एडवणच्या कोळीवाड्यात झाला. दिवस मावळल्यावर पांढऱ्या चादरी शिवून पडदा बांधला. काशीबाय पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून बसलेली. बाई माझ्याशेजारी. त्यांची भीती मला कळत होती, कारण मलाही तीच होती.

शेवटची लाट आली. होडी कलंडली. कोळणीच्या हातातून वल्हं निसटू लागलं. आणि काशीबाय ताडकन उठून ओरडली, "सोडू नको गो! किनारा आला, बग!"

मग दुसरी उठली, तिसरी उठली. सगळ्या हाका मारू लागल्या. बाईंनी माझं मनगट गच्च धरलं. त्या हसत होत्या आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"ऐकलंत? मातीला कोन हाका मारतं?"

मी समोर पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बाया तर होडी ओढायला पदर खोचून उभ्या होत्या.