आईच्या मथळ्याखाली

ताईने धाकट्या भावाचं नाव 'गाळणी' ठेवलं ते काही उगाच नाही. चाळिशी उलटलेला हा प्राणी घरी बसून यंत्रांची माहितीपत्रकं लिहायचा आणि उरलेलं आयुष्य संगणकावरच्या एका फाईलमध्ये कोंबायचा. फाईल कसली, मथळ्यांचं रान! एका मथळ्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, आणि प्रत्येकाला डकवलेले गुणधर्म: कुठे करायचं, किती तातडीचं, मूड कसा हवा. दात घासायलासुद्धा मूड लागतो म्हणे महाशयांना! मग त्यावर स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे मथळे गाळून काढणारा छोटासा प्रोग्राम, चालवायची, की 'तातडीचं' असलेले तेवढेच मथळे पडद्यावर उरायचे, बाकीचे गडप. ते गडप झालेले बघूनच त्याला कामं उरकल्याचं समाधान मिळायचं. मोरीतला नळ मात्र गळतच होता.

"नळाला वायसर लागतो रे बाबा, मथळा नाही," ताई शिवणयंत्रावरून ओरडायची. आईला मात्र लेकाचं कोण कौतुक! "माझ्या मुलाचं सगळं कसं लिहिलेलं असतं," ती शेजारणीला सांगायची.

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा कधीचाच गेलेला, भिस्त होती ती या एकावरच. थेंब चुकले तर हाही हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुरुवातीला ताईने गजर लावून थेंब घातले. पण नाटक कंपनीसाठी शिवलेले कपडे घेऊन तिला परगावी जाणं भाग पडलं. निघताना तिने थेंबांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या. गाळणीने तो कागद तिच्यादेखत काढून चुरगळला.

"कुठल्या जमान्यात आहेस, ताई? मी फाईलमध्ये घेतलंय सगळं."

"फाईल थेंब घालते का?"

"रोज सकाळी तातडीचं गाळतो ना मी. दिसलं की घालीन."

आणि दिसलंच नाही. शहाण्याने 'तातडीचं' हा गुणधर्म वरच्या 'आई' या मथळ्याला लावला होता, आणि खालच्या सगळ्यांना तो आपोआप लागू होईल असं धरून चालला होता. स्क्रिप्ट तर ज्या त्या मथळ्याचा स्वतःचा गुणधर्म तेवढाच बघणारी! थेंबांना स्वतःचा गुणधर्म नव्हता, म्हणून थेंब गडप. रोज सकाळी पडद्यावर नुसतं 'आई' एवढंच उरायचं. खाली काही नाही, म्हणजे आईचं आज काही काम नाही, अशी समजूत करून घेऊन हा निवांत चहा प्यायचा.

"थेंब घालायचे का रे आज?" आईने एकदा विचारलंही.

"आज काही दाखवत नाही, आई."

लेकाची फाईल चुकेल कशी? ती माउली थेंबांची बाटली उशाशी ठेवून पुन्हा आडवी झाली.

ताई परतली तेव्हा आई डोळ्यावर रुमाल दाबून कण्हत होती. ताईने तशीच रिक्षा केली आणि दोघांना घेऊन दवाखाना गाठला. तपासणीनंतर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "उजेड-अंधार कळेल. त्यापलीकडे आशा धरू नका." गाळणी बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता.

"सापडली चूक!" त्याचा चेहरा उजळला. "एक ओळ राहिली होती. आता बघ, सगळं दिसतंय."

"कोणाला दिसतंय रे मेल्या?" ताई किंचाळली. याच्या थोबाडीत द्यावी की याच्या जन्माला हसावं, तिला कळेना.

आत खाटेवर आई पट्टी बांधून पडली होती. दोघांची चाहूल लागताच तिने हात पुढे केला. "भांडू नका. तू वाच बरं, माझ्याबद्दल काय काय लिहिलंयस."

त्याने वाचलं. "थेंब, सकाळचे. बाकी. थेंब, दुपारचे. बाकी. थेंब, रात्रीचे..."

"पूर्ण काहीच नाही?"

"आहे. एक आहे."

"कुठलं रे?"

तो लॅपटॉप मिटायला लागला. ताईने त्याच्या हातातून लॅपटॉप ओढला आणि मोठ्याने वाचलं, "आईचा मथळा तयार करणे. पूर्ण."