कलघटगीला न निघणारी गाडी

माझ्या थोरल्या जावेचं, अक्काचं, माहेर हुबळीला आणि माझं कलघटगीला. एवढ्या एका गोष्टीनं माझा जीव जाळला.

आम्ही धारवाडला मळमड्डीत एकत्र राहायचो. घरची जुनी मोटार थोरले दीर, आमचे अण्णा, चालवायचे. अक्का माहेरी निघाली की गाडी पहिल्या झटक्याला सुरू. ही बाई खिडकीतून हात हलवत जाणार आणि मी दारात उभी! मी निघाले की गाडी नुसती खुरखुरायची, पेटायचं नाव नाही. मग पिशव्या सावरत मी बस गाठायची. दुसऱ्या दिवशी मेस्त्री यायचा, सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात ते काळं टोपण उघडून बघायचा. आत सगळं कोरडं, गाडी लगेच सुरू. घरात एकच निदान, धाकटीचा पायगुण. सासूबाई तोंडावर म्हणायच्या. अक्का बोलायची नाही, नुसती हसायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तरी माहेरच्या दारात मोटारीतून उतरायचं, एवढंच मला हवं होतं.

परगावी निघताना गाडीची पूजा करायची, हा सासूबाईंचा नेम. हुबळी-धारवाड एकच गाव, तेव्हा हुबळीला कसली पूजा! कलघटगी मात्र परगाव. पूजेचा मानही थोरलीचाच. चाकांखाली लिंबं, बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू, वर पळीपळीनं तीर्थ.

भाचीच्या बारशाला निघाले तेव्हाही तेच झालं. गाडी सुरू होईना. अण्णा वैतागून चहाला आत गेले, मागोमाग सगळे. मी मेली जळफळत तिथंच उभी. बॉनेट उघडंच होतं. बघते तर काळ्या टोपणावरून कुंकवाचा लाल ओघळ थेट त्याच्या बारीक चिरेत गेलेला. अगं बाई! हुबळीला पूजा नाही, म्हणून गाडी सुरू. कलघटगीला पूजा, म्हणून बंद. आणि मेस्त्री येईपर्यंत सगळं वाळून जायचं.

मेस्त्री काढायचा तशा दोन्ही पट्ट्या काढल्या, टोपण आतून-बाहेरून पदरानं कोरडं केलं, परत बसवलं आणि अण्णांना बोलावलं. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर सासूबाई थोरलीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

“आज मनापासून पूजा केलीस बघ. धाकटीचा पायगुणसुद्धा धुऊन निघाला.”

अक्का हसली, तेच हसू. इंजिनाच्या आवाजात माझं कुणी ऐकलंच नाही.

माहेरच्या दारात मी मोटारीतून उतरले. आई हरखून गेली. गाडीनं त्रास नाही ना दिला, असं तिनं विचारलं, तर मी बोलायच्या आत अण्णांनी पूजेचं सगळं कौतुक सांगून टाकलं. दिरांचं बोलणं खोडायची आमच्यात पद्धत नव्हती. परत निघताना आईनं माझ्यासाठी जपून ठेवलेला इरकली खण काढला आणि माझ्याच हातात दिला, अक्काला द्यायला.