डाव्या हाताचा घास

अर्धांगाच्या झटक्यातून मी वाचले. वाचा शाबूत राहिली, पायही महिन्या-दोन महिन्यांत चालता झाला, पण उजवा हात काही परत आला नाही. त्यानंतर दोन वर्षं मी कुणासमोर जेवले नाही. हे भाकरी कुस्करून द्यायचे आणि मी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून चमच्यानं जेवायचे. डाव्या हातानं घास घ्यायची मला लाज वाटे. जेवायचा हात उजवा, हे शाळेत मुलांना मीच आयुष्यभर सांगत आले होते.

अशात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तलासरी तालुक्यात उधव्याच्या शाळेत मी होते तेव्हा ती पाड्यावरून चालत यायची. बारावीनंतर ती हॉटेलचं शिकली, मुंबईत एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली राबली आणि पुढे चार वर्षं जपानात राहून आली. आता तिनं आमच्या डहाणूत समुद्राकडच्या एका चिकूच्या वाडीत सुशीचं, म्हणजे भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाचा काप ठेवून देतात त्याचं, छोटंसं हॉटेल काढलं होतं. खुर्च्या सहाच. मुंबईची माणसं महिनाभर आधी जागा सांगून यायची. रविवारी दुपारी तिनं आम्हा दोघांना बोलावलं.

मी नको म्हटलं. तिनं कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "बाई, सुशी हातानं खाल्लेली चालते. डाव्या की उजव्या, माझ्याकडं कुणी विचारत नाही."

ती गेल्यावर मला स्वतःचाच राग आला. पाड्यावरची पोर परक्या मुलखात जाऊन राहिली, आणि मी माझ्याच गावात घास घ्यायला घाबरत होते. कच्चा मासा तुझ्या पोटाला झेपायचा नाही, असं हे म्हणत होते. मी त्यांना सांगितलं, मी जाणार आहे, तुम्हाला यायचं तर या. त्या दिवसापासून रोज दुपारी ह्यांच्याकडून भाताचे मुटके करून घ्यायचे आणि डाव्या हातानं उचलायचे. पहिल्या दिवशी सगळे फुटले. शनिवारपर्यंत निम्मे तोंडापर्यंत पोचू लागले.

रविवारी आम्ही लाकडी फळीपुढं बसलो. शेजारी मुंबईची दोन जोडपी होती. फळीच्या पलीकडं ती, डोक्याला पांढरं फडकं बांधलेली. सुशी पुढं आली की लगेच खायची, एवढंच तिनं सांगितलं.

पहिली सुरमईची आली. बाकीच्यांपुढं तिनं ती उजव्या हाताला सोयीची पडेल अशी तिरपी ठेवली होती. माझी मात्र उलटी वळवलेली होती आणि आकारानंही लहान. तीन बोटांत धरून मी ती तोंडात घातली. भात कोमट होता, मासा गार, आणि दातांखाली येताच भात आपोआप सुटला. जन्मभर मी सुरमई मसाल्यात खाल्ली. ती मुळात गोड असते, हे त्या दिवशी कळलं.

चौथा बांगडा होता, मीठ आणि सिरक्यात मुरवलेला. तो बोटांतून निसटला. भात फळीवर सांडला आणि मासा शेजारच्या बाईंच्या पेल्याशी जाऊन पडला. ह्यांचा हात पुढं आला.

"राहू द्या," मी म्हणाले.

शितं एकेक करून मी डाव्या हातानं गोळा केली. पुष्कळ वेळ लागला. तोवर तिनं कुणालाच पुढचं वाढलं नाही. मग मला दुसरा बांगडा करून दिला, आणि तो मी नीट खाल्ला.

फळी पुसायला तिनं फडकं घेतलं ते डाव्या हातात, आणि मला तिची दुसरी इयत्ता आठवली. ती डावखुरी होती. उजव्यानं लिहावं म्हणून मी तिचा डावा हात रुमालानं बाकाला बांधून ठेवत असे. चारचौघांत बोलावं की नाही असं क्षणभर वाटलं. पण बांधलाही चारचौघांतच होता.

"तुझा हात मी बांधला होता," मी म्हणाले. "चुकलं माझं."

ती फळी पुसत राहिली. "पंधरा दिवस, बाई. मला फार राग आला होता." फडकं पिळून म्हणाली, "जपानात सुऱ्यांना एकाच बाजूनं धार, त्यासुद्धा उजव्या हाताच्याच असतात. तिथंही मला उजवाच हात वापरायला लावला. भाजी मात्र मी अजून डाव्यानंच चिरते."

मग तिनं कोळंबी पुढं ठेवली. "लगेच खा बाई, थांबू नका."

मी थांबले नाही. शेवटपर्यंत एकही सुशी सोडली नाही. ह्यांना सगळ्यांत अंड्याचीच आवडली.

पुढच्याच महिन्यात गंजाडला पुतणीचं लग्न होतं. मी पंगतीत बसले. माझा डावा हात पाहून वाढणारी बाई घुटमळली. "वाढा," मी म्हटलं. वरण कोपरापर्यंत ओघळलं, समोरच्या दोघी बघत राहिल्या. पंगत उठली, दुसरी पंगत बसायला येऊन उभी राहिली, तरी मी जागची हलले नाही. माझा मठ्ठा अजून प्यायचा राहिला होता.