तीन पंप आणि बबनरावांची लेव्हल

चंद्रभान हा माणूस एका जागी कधी टिकलाच नाही. जेवताना उठून दाराची कडी बघायचा, झालेला हिशेब बसमध्ये पुन्हा बोटांवर करायचा. बायको सुलोचना म्हणायची, "तुमच्या अंगात काय भवरा शिरला हाये काय?" अशा माणसाला पंपांचं गणित मिळालं, याला योग म्हणा नाहीतर खोड.

साल चौऱ्याऐंशी. नागपूरकडून निघून अकोल्याकडे जाणारी तेलाची लांब पाइपलाइन वर्धा जिल्ह्यातून चालली होती आणि पुलगावजवळच्या पंपघराच्या पंपांचं माप ठरवायचं काम चंद्रभानच्या टेबलावर आलं होतं. रोहण्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा नोकरीला लागला तो बबनरावांच्या शब्दावर. बबनराव म्हणजे सर्वेक्षणातले सगळ्यांत जुने. खांद्यावर दुर्बीण टाकून त्यांनी अख्ख्या लाइनीचे चढउतार मोजले होते, म्हणजे ऑफिसच्या भाषेत लेव्हल घेतली होती, आणि त्याच वर्षी ते निवृत्त होणार होते.

पंपघरात तीन पंप एकापाठोपाठ बसायचे होते. पहिला तेलाला वीस किलोचा दाब देणार, दुसरा तेच तेल घेऊन चाळीस करणार, तिसरा साठ. पुढे कुणी वॉल्व्ह बंद केला आणि तेल अडलं, की पंप तेल वाहत असताना लावतात त्यापेक्षा जास्त जोर लावतात. तेव्हा दाब सत्तरपर्यंत जाणार. पाइपची हद्दही सत्तरच. काठावर, पण हद्दीत, म्हणून कागद पास झाला. पंप आले आणि चौथऱ्यांवर चढलेही.

एका रविवारी चंद्रभान नालवाडीला बबनरावांकडे गेला होता. अंगणात मनकर्णाबाई, म्हणजे बबनरावांची बायको, मजूर बाईला ज्वारी मोजून देत होत्या. पायली भरली, सपाट केली, वर एक मूठ टाकली. आपल्याकडे मोजून झाल्यावर ही मूठ टाकतातच. नाही टाकली तर हात आखडला म्हणतात.

बबनराव हसले. "मी बी तसाच हावो. जेवढा चढ निंगते, त्याच्यावर दहा टक्के टाकूनच तुले आकडा देतो. कमी नाई पडाले पाह्यजे."

चंद्रभानचा चहा हातातच राहिला. पाइपच्या घर्षणात त्यानं स्वतः दहा टक्के टाकले होते. पंप निवडताना आणखी दहा. म्हणजे मुठीवर मूठ, तिच्यावर तिसरी मूठ! पंप नको इतके मोठे झाले होते. घरी येऊन त्यानं नकाशा पसरला, तर दुसरीच गोष्ट अंगावर आली. पंपघर उंचावर, आणि पुढे वर्धा नदीच्या तळाखालून जाणारा पाइप पन्नास मीटर खाली. तिथं वरच्या तेलाचं वजनही पडणार. पंपघरात सत्तर असेल तेव्हा नदीखाली चौऱ्याहत्तर! आणि पाइप फुटला, तर तेल जाणार खालच्या गावांच्या पाण्यात.

उपाय होता. पंपांतली फिरती चाकं लेथवर घासून लहान केली की जोर कमी होतो. पण त्यासाठी तिहेरी मुठीची चूक सांगावी लागणार होती, आणि ती सांगायची तर बबनरावांचं नाव आलं. ज्यानं नोकरी लावली, त्याच्या निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लावायची? आठ दिवस चंद्रभान नुसता भटकला. सायकल काढून पुलापर्यंत जायचा, पाण्याकडे बघायचा, परत यायचा. चाचणीला पंधरा दिवस उरले होते. स्वतःचाच राग राग येत होता त्याला.

नवव्या दिवशी तो ऑफिसचे प्रमुख ओमप्रकाश साहेब यांच्यापुढे उभा राहिला आणि चौऱ्याहत्तरचा आकडा सांगितला.

"अरे, जादा दाब सोडणारा वॉल्व्ह है ना!" साहेब म्हणाले.

"तो अडकला तर, साहेब?"

साहेबांनी कागद ओढून घेतला. बराच वेळ बघितल्यावर विचारलं, "ये लेव्हल में ज्यादा किसने डाला?"

"मीच," चंद्रभान म्हणाला. "सगळं मीच टाकलं."

चाकं उतरवली, वीस-वीस मिलिमीटर घासली, पुन्हा चढवली. चाचणीच्या दिवशी पुढचा वॉल्व्ह मुद्दाम बंद केला. नदीकाठच्या दाबमापकाजवळ चंद्रभान जीव मुठीत धरून उभा होता. काटा साठ, पासष्ट करत सदुसष्टवर आला आणि थांबला. त्याला रडूच कोसळलं. लोकांना वाटलं, डोळ्यांत धूळ गेली.

मागून बबनराव आले. हातात ऑफिसचा हुकूम होता: लेव्हलच्या आकड्यांत परस्पर वाढ केल्याबद्दल चंद्रभानची बढती रोखली होती.

"लेव्हल तू घेतली होती काय?"

"नाई, भाऊ."

"उन्हात दुर्बिणीमांगं कोन उभं होतं?"

"तुमी."

"मंग इथं तुहं नाव काऊन?"

"तुमचे दोनच महिने राह्यले, भाऊ. म्हटलं, उगाच चौकशी..."

"मले विचारलं काय तू?" बबनरावांचा आवाज चिरकला. "तीस वर्सं म्या जमीन मोजली. चुकलो त चुकलो, पन मोजली म्या. तू साहेबाले सांगतलं, आकडे याचे नाईच. मले वाचवून राह्यला होता का पुसून राह्यला होता?"

बबनरावांनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: लेव्हल माझी, वाढ माझी. खाली पूर्ण नाव, सही. साहेबांकडे ते स्वतः गेले.

चौकशी लागली. निरोपाचा कार्यक्रम रद्द झाला. निवृत्तीच्या दिवशी चंद्रभान शाल आणि नारळ घेऊन एकटाच नालवाडीला गेला. बबनराव दारातच भेटले. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, नीट नमस्कार केला आणि म्हणाले, "बरं झालं आलात, चंद्रभानजी."

आजवर त्यांनी त्याला अहो कधी म्हटलं नव्हतं, की दारात उभं ठेवलं नव्हतं.