काळाचौकीला मनाचा डॉक्टर हवा होता

काळाचौकीतल्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा मला बसायला जागाच नव्हती. एका धर्मादाय ट्रस्टचा छोटासा दवाखाना तो. ताप, खोकला, शुगर, बीपी. मानसिक आरोग्याचं काम नव्यानेच सुरू करायचं ठरलं होतं, म्हणजे मला कंत्राटावर नेमलं होतं आणि पंधरवड्यातून एकदा ट्रस्टच्या मोठ्या इस्पितळातले मानसोपचारतज्ज्ञ येणार होते. ड्रेसिंगच्या खोलीमागच्या छोट्या खोलीत सलाईनचे खोके ठेवायचे. ते मी स्वतः उचलून बाहेर काढले, दोन-तीन खुर्च्या आत घेतल्या आणि दारावर पाटी लावली : मानसिक आरोग्य विभाग.

त्याच आठवड्यात शेजारच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष आले. माणूस वाईट नाही, गल्लीत कुणाला रक्त लागलं तर पहिला धावणारा.

"ताई, काम चांगलंय तुमचं. पण पाटी जरा बदला ना. 'मार्गदर्शन केंद्र' वगैरे लिहा. गणपतीत बाहेरून एवढी पब्लिक येते, आपल्या गल्लीत वेड्यांचा दवाखाना म्हणून नाव नको व्हायला. पोरींची लग्नं व्हायचीयत."

"बाजूच्या खोलीवर 'नेत्र तपासणी' लिहिलंय," मी म्हटलं. "ती पाटी बदलायला सांगितलीत का?"

ते हसले, मान हलवत निघून गेले. पाटी राहिली.

मी इतकी हट्टाला पेटले त्याला कारण होतं. मी चिंचपोकळीच्या चाळीत वाढले. गिरणी बंद पडल्यावर माझा धाकटा काका हळूहळू बोलायचा थांबला, मग नसलेल्या माणसांशी भांडायला लागला. त्याला गावी धाडलं. कुणी विचारलं तर 'काका गावाला असतो' म्हणायचं, हे आम्हा मुलांना पढवून ठेवलं होतं. तो तिथेच वारला. पाय मोडला असता तर अख्खी चाळ इस्पितळात लोटली असती. पण त्याला एकदाही कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. तो राग माझ्यात अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पोळीभाजीचे डबे देणाऱ्या एक मावशी बीपी तपासायला यायच्या. मूळच्या मालवणकडच्या. एक दिवस त्या बीपी न तपासताच माझ्या खोलीत शिरल्या आणि दार लावून बसल्या. मुलगा सव्वीस वर्षांचा. पार्सल पोचवायची नोकरी होती, ती सोडून घरात बसलेला. भिंतीपलीकडचे लोक आपलं बोलणं रेकॉर्ड करतात, म्हणून खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली. जेवणात आई काहीतरी मिसळते असा संशय. गावच्या भगताकडे दोनदा नेऊन झालं होतं.

"अख्खी काळाचौकी माझ्या हातचं जेवते, बाय," त्या म्हणाल्या. "माझोच झील जेवत नाय."

मी त्यांच्या घरी गेले. त्याने दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"तुझ्या आईने बोलावलंय. पण मी तुझं ऐकायला आलेय," मी म्हटलं. "दार उघडायलाच पाहिजे असं काही नाही."

त्या दिवशी तो आणखी काही बोलला नाही. पुढच्या खेपेला बोलला. मग एकदा दार उघडलं. खिडकीवरचे कागद काढा असं मी कधीच म्हटलं नाही. 'तुला झोप लागत नाही ना, त्यावर डॉक्टर औषध देतील,' एवढंच म्हटलं, कारण झोप लागत नाही हे त्यालाही कबूल होतं. शेवटी तो यायला तयार झाला. मागच्या बोळातून दवाखाना जवळ पडतो, पण मावशींनी त्याला भर दुपारी चौकातून आणलं. चौकात शेजारणीने विचारलं, "कुठे निघालात मायलेक?"

"झील आजारी आसा माझो," मावशी मोठ्याने म्हणाल्या. "डॉक्टराकडे नेतंय."

औषधं लागू पडली. पावसाळा सरेपर्यंत तो आईच्या हातचं जेवायला लागला. चौकातून आलेली ती दोघं बघून आणखी बायका यायला लागल्या. कुणाचा नवरा, कुणाची बहीण, काही स्वतःसाठीच.

आणि पंधरवड्याने येणारे ते डॉक्टर यायचे बंद झाले. पहिल्यांदा रजा म्हणून, मग बदली म्हणून. नवीन कोणी नेमलं नाही. औषधं लिहून द्यायला माणूस नाही, त्यामुळे ती मिळेनात. मुलाच्या खिडकीवर परत वर्तमानपत्रं लागली.

ट्रस्टचं ऑफिस गिरगावात. मी दोनदा फोन केला, 'बघतो' म्हणाले. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "फोनवर कसले बघतत? आपण जाऊ." मावशी, आणखी चार बायका आणि मी, बसने गेलो.

चिटणीस एसीत बसले होते. "मानसोपचारतज्ज्ञ मिळतच नाहीत हो. आणि तुम्ही आहात की तिथे समुपदेशक. भागतंय ना?"

"भागत नाही, सर. मी औषध लिहून देऊ शकत नाही. देणारही नाही."

"तुम्ही कंत्राटावर आहात, मॅडम. जरा जपून."

"कंत्राट तुमच्या हातात आहे. पण मी उद्या गेले तरी या बायका येणारच आहेत."

"डॉक्टर कधी येणार ते सांगा," मावशी म्हणाल्या. "तोवर आम्ही हंयच बसतो."

आणि आम्ही बसलो. जेवायची वेळ झाली तशी मावशींनी तिथल्या गुबगुबीत सोफ्यावरच डबे उघडले. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. तो वास एसीतून साऱ्या ऑफिसभर फिरला. मी पोटभर जेवले. संध्याकाळी एक वयस्क विश्वस्त आले, नाक मुरडत काय चाललंय विचारलं, मावशींचं सगळं उभ्याउभ्या ऐकलं. जाताना चिटणीसांना म्हणाले, "यांना डॉक्टर द्या."

दिला. आता दर आठवड्याला येतात. माझं वर्षाचं कंत्राट मात्र त्यानंतर तीन-तीन महिन्यांचं झालं. होऊ दे.

मुलगा पुन्हा सावरला, पण पहिल्याइतका नाही. आईबरोबर डबे भरतो. काही दिवस एक शब्द बोलत नाही. खिडकी अर्धी उघडी असते.

एवढ्या वस्तीला मी एकटी पुरणार नाही, हे तर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हणून गिरगावला आलेल्या त्या पाचही जणींना मी शनिवारी दुपारी शिकवते. समोरच्याला 'मन घट्ट कर' म्हणायचं नाही. ऐकलेलं नळावर बोलायचं नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोलतंय असं वाटलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, तडक इकडे आणायचं. मावशींना सल्ला न देता ऐकणं फार जड जातं. परवा सरावात त्यांनी समोरच्या बाईचं दोन मिनिटं ऐकलं आणि मग विचारलं, "पण तू जेवतेस का नीट?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, हा प्रश्न राहू द्या, चांगला आहे.

आता या पाचजणींची रीतसर नेमणूक हवी आणि माझ्या जोडीला आणखी एक समुपदेशक. त्यासाठी आम्ही येत्या मंगळवारी गिरगावला जाणार आहोत. चिटणीसांना कळवलेलं नाही. कळवलं की ते मीटिंगला जातात.