नाल्यापलीकडची घंटी

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या बौद्ध घरात भूत, करणी, अंगात येणं असलं काही कुणी काढलं की बाबा त्याला चहा पाजायचे आणि वेड्यात काढायचे. मीही तसाच. तरी लिहितोय, कारण बायको म्हणते, तुम्ही नाही लिहिलं तर मी लिहीन... आणि तिने लिहिलं तर माझी काही खैर नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला नोकरीत होतो. आम्हा मित्रांना रविवारी मोपेड आणि जुन्या मोटरसायकली घेऊन कच्च्या वाटांनी भटकायचं वेड. कधी जामसांवली, कधी कुणाचा संत्र्याचा बगीचा. हळूहळू वाट माहीत नसलेले लोकही सोबत यायला लागले आणि मी त्यांचा म्होरक्या झालो. माझे नियम कडक. ओव्हरटेक करायचं नाही. दोन गाड्यांत एका बैलगाडीइतकी जागा ठेवायची. धुळीत मागचं काही दिसत नसे, म्हणून सगळ्यात शेवटच्या मोपेडला — ती माझ्या चुलतभावाची, विलासची — त्याच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी बांधायची. प्रत्येक वळणावर इंजिनं बंद करायची आणि मागून घंटी ऐकू आली की मगच निघायचं. मित्र मला 'हेडमास्तर' म्हणायचे. म्हणोत बापडे!

तर माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं मोहगावला. सुनंदा मला मनापासून आवडली होती. तिच्या बाबांना मात्र मी अजिबात आवडलो नव्हतो. पाहायला गेलो तेव्हाच त्यांनी सुनावलं होतं, "गाड्या उडवणाऱ्या पोट्ट्याले मी पोरगी देत नाई. साक्षगंधाच्या दिवशी एक जण जरी खरचटून आला, तर दारातूनच वापस जा." आता गाड्यांशिवाय आमच्याकडे होतं काय? घरची मोठी माणसं बसने पुढे गेली आणि आम्ही मित्र नव्या कपड्यांत मागून निघालो.

दसऱ्यानंतरचे दिवस, लख्ख ऊन. सौसरच्या बाजूला डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागलो. वळण आलं की थांबायचो. मागून घंटी... टण... टण... की निघायचो. गाणी काय, चेष्टा काय! मी तर हवेतच होतो.

मोहगावच्या अलीकडे एक नाला लागला. घोटा बुडेल एवढंच पाणी. उताराच्या तोंडाशी इंजिनं बंद केली. घंटी आली... पण समोरून. नाल्यापलीकडून!

"हा विलास पुढे कसा गेला बे?" माझा मित्र प्रकाश ओरडला. "हेडमास्तर, तुह्या भावानंच नियम मोडला!"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "कोणी हलायचं नाई. शेवटचा मागे असल्याशिवाय आपण उतरत नाई."

"अबे, पानी घोट्याएवढं हाय. पाहुने वाट पाहून राहिले तुही!"

मी हाका मारल्या, तरी घंटी एकाच जागी वाजत होती. मी किल्ली खिशात टाकली आणि दगडावर बसलो.

आणि मग नाल्याच्या वरच्या अंगाने धडधड आवाज आला. डोंगरात कुठेतरी परतीचा पाऊस कोसळला असणार... गढूळ लोंढा फांद्या-ओंडके घेऊन आमच्या डोळ्यांसमोरून गेला. घंटी थांबली. प्रकाशने आपली गाडी गुपचूप चार पावलं मागे ओढली.

बऱ्याच वेळाने मागून मोपेडचा आवाज आला. विलास! "काऊन बे, मले सोडून आले? डांबरी सोडली तवाच पंक्चर झाली माही!"

त्याच्या हँडलला घंटी नव्हती.

"घंटी कुठी हाय?"

"बैलाच्या गळ्यातच राह्यली. घाईत काढलीच नाई."

मग इतकी वळणं आम्ही काय ऐकत आलो? पाणी ओसरल्यावर पलीकडे जाऊन पाहिलं. ओल्या मातीत एकही खूर उमटलेला नव्हता, जवळपास गुरं नव्हती.

मोहगावला पोचलो, तर सुनंदाचे बाबा दारातच उभे. तोंडभर हसत, आमच्या मागे पाहत म्हणाले, "बैलगाडी कुठी ठेवली?"

"कोणती बैलगाडी, मामाजी?"

"अजी, घंटी ऐकून राहिलो ना मी केव्हाचा! पोरीले म्हटलं, पोरगा समजदार हाय, माह्या शब्दासाठी बैलगाडीनं येऊन राहिला."

हो म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. पण खोटं बोलायला जीभ वळेना. सगळं सांगितलं, गाड्यांसकट. त्यांचं हसू मावळलं.

"सगळे ओरडून राहिले, तरी थांबला तू?"

"शेवटचा मागे नव्हता ना, मामाजी."

त्यांनी एकेकाला नीट न्याहाळलं. मग आत वळून हाक दिली, "सुनंदा, पानी आन. जावई आले!"

बैल दिवसभर गोठ्यातून हलला नव्हता, हे घरी राहिलेल्या काकूने, विलासच्या आईने, नंतर सांगितलं. आवाज वाऱ्याने आला म्हणावं, तर तो आमच्या मागेही होता, पुढेही आणि मोहगावातही. मी खूप डोकं खाजवलं, आजही काही हाती लागत नाही. ती घंटी विलासने आम्हाला लग्नात दिली, ती दाराला टांगलेली आहे. मी गाडी काढली की सुनंदा ती एकदा वाजवते. आणि हा विश्वास न ठेवणारा माणूस निमूटपणे थांबतो.