पालकांचे दोन पास

कॉलेजच्या ऑफिसात मला बरीच वर्षं झाली. प्रवेश, दाखले, परीक्षेचे फॉर्म, सगळी टेबलं फिरून झाली. पास वाटायचं काम मात्र एकदाच माझ्याकडे आलं.

त्या वर्षी आमच्या पालघरच्या कॉलेजचा फुटबॉलचा संघ विद्यापीठाच्या फायनलला पोचला. विद्यापीठाच्या मैदानावर लोकांना बसायला धड जागा नव्हती, म्हणून सामना नवी मुंबईत, व्यावसायिक संघ खेळतात त्या मोठ्या स्टेडियमवर ठेवला. तिथे आमच्या वाट्याला मोजक्याच खुर्च्या आल्या. प्रत्येक पासवर खुर्चीचा नंबर. खेळाडूच्या घरी दोन-दोन पास द्यायचे; ते पिवळे, गळ्यात अडकवायचे, त्यांच्यावर खेळाडूचं नाव आणि खाली ‘पालक’ असं छापलेलं. उरलेले विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून. ऑफिसच्या लोकांना एकही नाही. मी विद्यार्थ्यांबरोबर ड्युटीवर जाणार होते, तेवढंच.

पाकीट आलं तेव्हा मी पास संघाच्या यादीशी ताडून पाहिले. दोन पिवळे जास्त निघाले. नाव दांडी गावच्या एका मुलाचं होतं. डाव्या बाजूने खेळायचा. दिवाळीच्या सुट्टीत त्याला ताप आला आणि पाच दिवसांत तो गेला. पास जुलैत पाठवलेल्या यादीवरून छापले होते आणि मधल्या काळात ती यादी कुणी दुरुस्त केली नव्हती.

मी ते खेळाच्या सरांना सांगायला हवं होतं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवले. माझा भाऊ आणि वहिनी माकुणसारला राहतात. भाऊ तरुणपणी फुटबॉल खेळायचा. फायनलचं कळल्यापासून रोज त्याचा फोन, एखादा पास मिळतो का बघ. त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, दोन आहेत, पण नाव दुसऱ्याचं असेल. तो म्हणाला, नाव कुणाचं का असेना.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. मुलगा गेला तेव्हा आम्ही ऑफिसातले चौघेजण दांडीला जाऊन आलो होतो, त्यामुळे मी तिला लगेच ओळखलं. ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. टोपली कुठे दिसत नव्हती. माझी नजर गेलेली बघून ती म्हणाली, “टोपली गेटावरच ठेवली. इथं वास येल.”

“बोला ना ताई.”

“पोरगा सांगायचा, फायनलला गेलो तर घरच्यांना दोन पास देतात. त्याचे आलेत काय?”

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला टेकलेला होता.

“नाव यादीतून कमी झालंय ना, ताई,” मी म्हटलं. “म्हणून नाही आले.”

“बरं. नाव कमी करायलाच लागतं,” ती म्हणाली आणि गेली.

मी स्वतःला समजावलं, तिथे जाऊन ती रडणार, बाकीची पोरं धावताना बघून तिला त्रासच होणार. हे मी इतक्यांदा मनात म्हटलं की दुपारपर्यंत मला ते पटलं. मग वाटपाच्या यादीत त्या मुलाच्या नावापुढे ‘दिले’ अशी खूण केली आणि पास भावाकडे पाठवून दिले.

ती खूण आमच्या क्रीडाशिक्षकांनी पाहिली. त्यांना वाटलं, आई-वडील येणार आहेत. त्यांनी सामना भरवणाऱ्यांना फोन करून त्या खुर्च्यांचे नंबर कळवले. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

सामन्याच्या दिवशी मी विद्यार्थ्यांबरोबर वरच्या रांगांत बसले होते. भाऊ-वहिनी खाली, मैदानाच्या अगदी जवळ. वहिनीने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले आणि मोठ्या पडद्यावर एक फोटो आला. पांढरा शर्ट, विंचरलेले ओले केस. निवेदकाने त्या मुलाचं नाव घेतलं. तो आज आपल्यात नाही, असं सांगितलं. पुढे म्हणाला, “पण त्याचे आई-वडील आज इथे आले आहेत.”

कॅमेरा फिरला आणि पडद्यावर माझी वहिनी दिसली.

भावाने गळ्यातला पास हातात घेऊन वाचला. वहिनी क्षणभर इकडेतिकडे बघत राहिली, मग सावकाश उठली आणि तिने हात जोडले. तिला दुसरं काय सुचणार होतं? तिच्यासमोर अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. पायऱ्यांचा, खुर्च्यांचा एक मोठा आवाज झाला आणि मग काही नाही. वहिनी रडायला लागली. पडद्यावर तिचा चेहरा घराएवढा दिसत होता. शेजारच्या एका अनोळखी बाईने तिला जवळ घेतलं.

माझ्या बाजूची मुलगी कुजबुजली, “मॅडम, या त्याच्या आई?”

“हो,” मी म्हटलं.

खाली रांगेतल्या पोरांना त्याची आई माहीत होती. तिच्या घरी जेवलेली पोरं ती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. कप्तानाने मागे वळून आमच्या रांगांकडे पाहिलं. तो कुणाला शोधत होता मला ठाऊक नाही, पण मी मान खाली घातली. पुढचा सामना मला आठवत नाही. आम्ही हरलो.

परतताना भावाचा फोन आला. “तू आम्हाला कुणाच्या जागेवर बसवलंस?” एवढंच विचारून त्याने ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी ती परत खिडकीशी आली. हातात मोबाइल होता. तिने तो काचेखालून आत सरकवला. कुणीतरी टाकलेला त्या क्षणाचा व्हिडिओ चालू होता.

“ही बाई कोण हाय?” तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “गावात सगळे मला विचारतात. मला नाय सांगता येत.”

मी खुर्चीतून उठून बाहेर गेले. बाकावर तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. ड्रॉवरचंही सांगितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होती. मी माफी मागायला लागले तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

“तिला मला भेटव.”

मी त्याच आठवड्यात प्राचार्यांना सगळं लिहून दिलं. मेमो मिळाला, टेबल बदललं. रविवारी वहिनीला घेऊन दांडीला गेले. घराच्या पडवीत शिरताच वहिनी त्या बाईच्या पाया पडायला वाकली. बाईने तिला धरून खाली बसवलं आणि स्वतः समोर बसली. मला कुणी बस म्हटलं नाही. मी दाराशी उभी राहिले.

“सगळे उठले, ना?”

“सगळे,” वहिनी म्हणाली.

“आवाज कसा आला?”

वहिनीने डोळे मिटले. “आधी मोठा आला. मग एकदम थांबला. एवढी माणसं आणि कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.”

“तुला काय वाटलं तेव्हा?”

“मला वाटलं, माझ्या मागं कुणीतरी उभं आहे. मी वळून नाही पाहिलं.”

ती बाई मान हलवत राहिली. मग म्हणाली, “तो फोटोतला शर्ट त्याचा नाय. दोस्ताचा घातलेला. तो गेल्यावर परत केला.” आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली. वहिनीने तिचा हात धरला होता. मी बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले.

वहिनी अजून तिच्याकडे जाते. दिवाळीच्या सुट्टीत, तो गेला त्या दिवशी तर जातेच. मी त्यानंतर गेलेले नाही. तो व्हिडिओ काढून टाकायला लावू का, असं मी वहिनीकडून तिला विचारून घेतलं होतं. तिने निरोप दिला, राहू दे, पोरासाठी उभी राहिलेली माणसं हायत त्यात.

तो व्हिडिओ अजून तिथेच आहे. खाली लोकांनी खूप काही लिहिलंय. एकाने लिहिलंय, ‘आईचा चेहरा बघा.’ मी बघते. दुपारी ऑफिस रिकामं असलं की आवाज बंद करून बघते. वहिनी उठते, हात जोडते, तिच्या मागच्या रांगा उठतात. त्या रांगांत मी एक चेहरा शोधत असते. ती बाई त्या दिवशी बोईसरच्या बाजारात बसली होती, हे मला माहीत आहे. तरी मी चित्र थांबवते आणि एकेक रांग बघत जाते.